फोटोंचं कोठार आणि डिस्कची बदलती नावं : कामाच्या नोंदी

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घरातल्या सगळ्या फोटो-व्हिडिओंसाठी एक कोठार करायचं, पडदा-कीबोर्डाशिवाय कोपऱ्यात चालू राहील असं. शनिवार-रविवारात उरकेल असा माझा अंदाज होता. महिना गेला, आणि त्यातला बराचसा वेळ एकाच गोष्टीत गेला: कुठली डिस्क कुठल्या नावाने समोर येते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

४ जानेवारी २०२५, शनिवार

सामान: सिस्टिमसाठी २५६ जीबीची एनव्हीएमई (मदरबोर्डवरच बसणारी वेगवान डिस्क), ४ टीबीच्या दोन कोऱ्या डिस्क (एक फोटोंसाठी, एक बॅकअपसाठी) आणि फोटो ज्यात पडून आहेत ती जुनी २ टीबी डिस्क. मदरबोर्डवरचे दोनच साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) धड चालतात, म्हणून बॅकअपची डिस्क वेगळ्या कार्डावर लावली. हे कार्ड पुढे महागात पडलं.

'एलएसबीएलके' चालवलं की जोडलेल्या डिस्क झाडासारख्या दिसतात. फोटोंची एसडीए, जुनी एसडीबी, बॅकअपची एसडीसी. यातलं 'एसडी' म्हणजे मुळात स्कझी (डिस्क जोडायची एक जुनी पद्धत) डिस्क. पूर्वी आयडीई या दुसऱ्या जुन्या पद्धतीच्या डिस्कना 'एचडी' म्हणत, आता साटा असो की यूएसबी, बहुतेक सगळं एसडीच. एनव्हीएमईचं नाव मात्र लांबलचक: 'एनव्हीएमई०एन१पी२'. म्हणजे शून्य क्रमांकाचा कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप), त्यावरची पहिली नेमस्पेस (साठवणीचा भाग), तिचं दुसरं पार्टिशन (पाडलेला कप्पा). डिस्कचं नाव आकड्यावर संपलं की पार्टिशनच्या आधी 'पी' लागतो, नाहीतर ११ आहे की १ आणि १, ते कळायचं नाही.

जुन्या डिस्कने अर्धा तास खाल्ला. तिच्यात पार्टिशन १, २ आणि थेट ५. ३ आणि ४ गेली कुठे? शिवाय २ चा आकार दिसत होता जेमतेम १ के. डिस्क खराब झाली असं वाटून पोटात गोळा आला. तसं काही नव्हतं. ती पार्टिशनचा तक्ता लिहायच्या जुन्या, एमबीआर पद्धतीची निघाली. त्यात मुख्य पार्टिशन फक्त चार. जास्त हवी असतील तर एकाला 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात बाकीची ठेवायची, आणि पोटातल्यांची मोजणी ५ पासूनच सुरू होते. १ के हे त्या रिकाम्या खोक्याचं माप.

एका पिवळ्या चिठ्ठीवर 'एसडीए फोटो, एसडीबी जुनी, एसडीसी बॅकअप' असं लिहून ती कॅबिनेटला चिकटवली. नीटनेटकं काम केल्याचं समाधान वाटलं.

५ जानेवारी, रविवार

सकाळी 'एफडिस्क'ने दोन्ही कोऱ्या डिस्कवर पार्टिशन केलं, ईएक्सटी४ फाइलसिस्टम (फाइल मांडून ठेवायची रचना) टाकली, कॉपी सुरू केली आणि उठले. तासाभराने सहज बघितलं तर ४ टीबीच्या डिस्कवर पार्टिशन २ टीबीचंच. कोऱ्या डिस्कवर एफडिस्क आपणहून एमबीआर तक्ता मांडतो. डिस्क मोठी आहे, जीपीटी (तक्त्याची नवी पद्धत) घ्या, असा इशाराही त्याने दिला होता. मी एंटर, एंटर करत पुढे गेले होते. एमबीआरमध्ये सेक्टरचा (डिस्कच्या छोट्या तुकड्याचा) आकडा ३२ बिटांत लिहितात, ५१२ बाइटचा सेक्टर धरला की २ टेबीबाइटच्या (१०२४ च्या पटीतल्या टीबीच्या) पलीकडे मोजताच येत नाही.

सगळं पुसून जीपीटी तक्ता, पुन्हा पार्टिशन, पुन्हा कॉपी. आता ३.६ टी दिसलं. उरलेलं ०.४ कुठे गेलं म्हणून शोधायला जाऊ नका. खोक्यावरचा ४ टीबी हजाराच्या पटीत मोजलेला असतो आणि एलएसबीएलके १०२४ च्या पटीत मोजतं, एवढंच.

'/एसआरव्ही/फोटो' आणि '/एसआरव्ही/बॅकअप' अशा दोन रिकाम्या डिरेक्टरी केल्या आणि डिस्क तिथे आपोआप माउंट व्हाव्यात (म्हणजे त्या डिरेक्टरीतून उघडाव्यात) म्हणून '/ईटीसी/एफएसटॅब' या यादीत ओळी टाकल्या: /डेव्ह/एसडीए१ फोटोंना, /डेव्ह/एसडीसी१ बॅकअपला. रात्री २ वाजता 'आरसिंक' फोटोंमधून बॅकअपमध्ये नक्कल करेल, आणि मूळ ठिकाणी जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाकेल, म्हणजे 'डिलीट' पर्यायासकट. हा पर्याय लक्षात ठेवा.

७ जानेवारी, मंगळवार

कॉपी पूर्ण, ताडून पाहिली. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली. परत चालू केलं तर बॅकअप माउंट झालाच नाही आणि मशीन बूट होता होता अडकलं. कालची एसडीसी आज एसडीबी झाली होती, कारण मधली डिस्कच गेली. तेव्हाच कान टवकारायला हवे होते. मी काय केलं, तर एफएसटॅबमध्ये सी चा बी केला आणि चिठ्ठीवरही खोडून दुरुस्त केलं.

११ जानेवारी, शनिवार

आज जे सापडलं ते लिहायला लाज वाटते.

गुरुवारी संध्याकाळी फोनमधले १४० फोटो आणले, ६०० च्या आसपास जुने फोटो तारखेप्रमाणे लावले. रात्री अपडेट टाकून रीबूट केलं आणि झोपले. आज उघडलं तर गुरुवारचं काहीच नाही. फोटो जुन्याच ढिगाऱ्यात, फोनमधले १४० गायब. बॅकअपमध्ये गेले, तिथेही नाहीत.

एलएसबीएलकेमध्ये डिस्कचे सिरियल नंबर दाखवायला सांगितले, तेव्हा उलगडलं. गुरुवारच्या रीबूटमध्ये कार्डाचा ड्रायव्हर मदरबोर्डाच्या आधी तयार झाला. त्यामुळे बॅकअपची डिस्क एसडीए झाली आणि फोटोंची एसडीबी. एफएसटॅबने सांगितल्याप्रमाणे एसडीए१ फोटोंच्या जागी माउंट केली. दोन्हींवर ईएक्सटी४, दोन्हींत त्याच नावांच्या डिरेक्टरी, त्यामुळे तक्रार करायला कुणाकडे काही कारणच नव्हतं. मग २ वाजता आरसिंक उठला. त्याच्या लेखी 'मूळ' होता बुधवार-गुरुवारच्या रात्रीचा बॅकअप, आणि 'नक्कल' होती माझी खरी फोटोंची डिस्क. खऱ्या डिस्कवर जे जास्तीचं दिसलं ते त्याने इमानेइतबारे पुसून टाकलं.

१४० फोटो फोनच्या कचरापेटीत अजून होते म्हणून वाचले. सहाशेंची मांडणी गेली, ती पुन्हा करायला साडेचार तास लागले.

एसडीए हे डिस्कचं नाव नव्हेच. रांगेत आधी कोण उभं राहिलं, त्याचा तो नंबर आहे. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जी डिस्क आधी दिसेल ती ए, नंतरची बी. एकाच कंट्रोलरवर बहुतेक वेळा क्रम तोच येतो, म्हणून लोकांना वर्षानुवर्षं काही होत नाही आणि नाव पक्कं आहे असं वाटत राहतं. दोन वेगळे कंट्रोलर असले की कुठल्याही बूटला उलटापालट होऊ शकते. पिवळी चिठ्ठी फाडली.

१२ जानेवारी, रविवार

उपाय सरळ आहे. एफएसटॅबमध्ये डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी द्यायचा. फाइलसिस्टम तयार होताना तिच्या आतच हा क्रमांक लिहिला जातो. ३६ खुणांचा असतो, मधे ४ आडव्या रेघा. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, तो तिच्यासोबतच जातो. 'बीएलकेआयडी' चालवलं की दिसतो.

सरळ असूनही रविवार गेला. बीएलकेआयडीच्या एका ओळीत दोन लांबलचक क्रमांक येतात: आधी यूयूआयडी, ओळीच्या शेवटी पार्टयूयूआयडी. दिसायला हुबेहूब. पहिला फाइलसिस्टमचा, दुसरा जीपीटी तक्त्यातल्या पार्टिशनचा. मी शेवटचा उचलला आणि 'यूयूआयडी=' पुढे चिकटवला. रीबूट. मशीन नेटवर्कवर येईना. आतल्या खोलीतला मॉनिटर उचलून आणला. पडद्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे पळत होत्या आणि पुढे सेकंद मोजले जात होते: दीड मिनिट. अस्तित्वातच नसलेल्या डिस्कची वाट बघून झाल्यावर इमर्जन्सी मोड, आणि तिथे संदेश असा की रूट खातं (सगळे अधिकार असलेलं) कुलूपबंद आहे, आत येता येणार नाही. मी रूटला पासवर्ड दिलाच नव्हता.

लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या तात्पुरत्या लिनक्सवरून) बूट केलं, एफएसटॅब उघडला, ओळ सुधारली, रीबूट केलं. पुन्हा लाल चांदण्या! मी लाइव्ह यूएसबीचाच स्वतःचा एफएसटॅब सुधारला होता. माझा होता एनव्हीएमईच्या दुसऱ्या पार्टिशनवर. तो आधी '/एमएनटी'खाली माउंट करायचा आणि '/एमएनटी/ईटीसी/एफएसटॅब' उघडायचा. दुसऱ्या फेरीत जमलं.

आता ओळ अशी आहे:

यूयूआयडी=(तो क्रमांक) /एसआरव्ही/फोटो ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

'नोफेल' म्हणजे ही डिस्क नसली तरी बूट अडवू नको. शेवटचा २ म्हणजे तपासणी रूटच्या (इथे खातं नव्हे, सिस्टिमची मुख्य फाइलसिस्टम) नंतर कर, रूटला १ असतो. रीबूट करायच्या आधी 'फाइंडएमएनटी'ला 'व्हेरिफाय' पर्याय देऊन चालवलं असतं तर असा क्रमांकच नाही हे तिथल्या तिथे कळलं असतं. त्यानंतर 'माउंट -ए' करून बघायचं. एफएसटॅब बदलल्यावर सिस्टिमडीला (बूट सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) 'डीमन-रीलोड' सांगावं लागतं, नाहीतर तो जुनीच माहिती धरून बसतो. माउंट ही कमांड तशी आठवणही करून देते. तेवढी वाचायची.

गेलेला वेळ: सहा तास. टाइप केलेली उपयोगाची अक्षरं: दोन ओळी.

१८ जानेवारी, शनिवार

नोफेलने दुसरं दुखणं आणलं. सकाळी मशीन चालू, पण कुठलंच काम धड होईना. डिस्क किती भरली ते सांगणारं 'डीएफ' म्हणतं, सिस्टिमची एनव्हीएमई १०० टक्के भरली. 'डीयू'ने फाइलींच्या आकारांची बेरीज केली तर जेमतेम ४० जीबी. दोनशे जीबी कुठे आहेत ते दिसतच नाही.

गुरुवारी कॅबिनेट पुसताना बॅकअप डिस्कची पॉवर केबल सैल झाली होती. डिस्क नाही, पण नोफेल, म्हणून बूट बिनबोभाट. /एसआरव्ही/बॅकअप ही मात्र साधी डिरेक्टरी म्हणून होतीच, एनव्हीएमईवरच. आरसिंकने रात्री तिच्यात फोटो ओतायला सुरुवात केली आणि जागा संपेपर्यंत थांबला नाही. आज सकाळी मी केबल घट्ट केली, डिस्क माउंट केली, आणि तो सगळा ढीग तिच्याखाली झाकला गेला. माउंट म्हणजे भरलेल्या खड्ड्यावर झाकण ठेवण्यासारखं: आतलं जात नाही, दिसत नाही एवढंच.

झाकणाखाली हात घालायचा मार्ग असा: 'माउंट --बाइंड' वापरून '/' (सगळ्या डिरेक्टरींचं मूळ) दुसऱ्या एका रिकाम्या डिरेक्टरीवर माउंट करायचा. त्या वाटेने गेलं की वर चढवलेल्या डिस्क आड येत नाहीत, खालची मूळ डिरेक्टरी दिसते. दिसली, २०० जीबी पुसले. पुसण्याआधी मार्ग दोनदा वाचला, कारण चुकीच्या वाटेने गेले असते तर खरा बॅकअप गेला असता.

पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी. डिस्क काढलेली असताना रिकाम्या डिरेक्टरीला 'सीएचॲटर +आय' लावलं, त्यानंतर तिच्यात रूटलाही फाइल करता येत नाही. वर डिस्क माउंट मात्र होते, आणि तिला हे बंधन लागू नसतं. दुसरं, रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी 'माउंटपॉइंट -क्यू' टाकलं, दोन्ही जागांसाठी. त्यातली एक जरी माउंट नसली तरी स्क्रिप्ट तिथेच थांबते. खरं तर दुसऱ्या उपायाने भागलं असतं, पण गेल्या आठवड्यानंतर माझा स्वतःच्या स्क्रिप्टवरचा भरवसा उडाला आहे.

१९ जानेवारी, रविवार

यूयूआयडी डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणून डिस्कना लेबलं द्यायला घेतली. हौसेने मराठीत. 'ई२लेबल'ने फोटोंच्या डिस्कला 'छायाचित्रे' दिलं. लेबल फार लांब आहे, कापतो आहे, असा इशारा आला. दहाच तर खुणा आहेत! पण ईएक्सटी४ लेबलाला १६ बाइट देतं आणि यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजून. छायाचित्रे झालं ३० बाइट. १६ मध्ये पाच खुणा आणि सहाव्याचा एक तृतीयांश तुकडा मावला. तो तुकडा लेबलाच्या शेवटी कचऱ्यासारखा दिसत राहिला.

'फोटो' १२ बाइटमध्ये बसतं, ते ठेवलं. 'बॅकअप'ही १५ मध्ये बसलं असतं, पण त्या डिस्कचं नाव 'नक्कल' झालं, तेही १५ बाइट. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टम वापरणाऱ्यांना १२ च बाइट मिळतात, फॅट या आणखी एका फाइलसिस्टमला ११. रोमन अक्षर एका बाइटचं असतं, त्यामुळे रोमन लेबलवाल्यांना ही अडचण सहसा जाणवत नाही.

एफएसटॅबमध्ये मात्र यूयूआयडीच ठेवला. एका नावाच्या दोन डिस्क सहज होऊ शकतात.

२५ जानेवारी, शनिवार

आणखी ४ टीबी हवे होते म्हणून बाहेरच्या यूएसबी डब्यातली डिस्क काढून सरळ साटावर लावली. तिच्यावर तीनेक टीबी व्हिडिओ. लावल्यावर एलएसबीएलकेमध्ये डिस्क आहे, खाली एकही पार्टिशन नाही. यूयूआयडी नाही, लेबल नाही, काहीच नाही. परत डब्यात घातली, सगळं जागच्या जागी. तीनदा आत-बाहेर केल्यावर हे योगायोगाचं नाही हे पटलं.

दोन्हीकडचा 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी) शेजारी ठेवून वाचला. डब्यात असताना: ४०९६ बाइटचे लॉजिकल ब्लॉक. साटावर: ५१२ बाइटचे. डब्यातली चिप डिस्कला वेगळ्या मापाचे सेक्टर असल्याचं भासवत होती. जीपीटीचं मुख्य पान सेक्टर क्रमांक १ वर असतं. डब्याच्या हिशोबाने ते ४०९६ व्या बाइटवर लिहिलं गेलं आणि साटावर कर्नल ते ५१२ व्या बाइटवर शोधत होता. डेटा जागेवरच होता, फक्त मोजपट्टी बदलली होती. अशा वेळी 'डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का' असं कुणी विचारलं तर हो म्हणायचं नाही. मी एका क्लिकवर होते.

साटावर ठेवूनच वाचायचा मार्ग सापडला. 'लोसेटअप'ला सेक्टरचं माप ४०९६ सांगायचं, फक्त वाचायला उघडायला सांगायचं आणि पार्टिशन शोधायला लावायचं. लूप०पी१ असं पार्टिशन उगवलं, माउंट झालं. व्हिडिओ फोटोंच्या डिस्कवर कॉपी व्हायला सहा तासांच्या आसपास लागले. मग डिस्क साटावरच नव्याने जीपीटी करून घेतली. या वेळी पुसण्याच्या कमांडला एसडीसी दिलं नाही, '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी'खालचं नाव दिलं. त्यात डिस्कचं मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. पुसणं, फॉरमॅट, डीडी (डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) यांच्यासाठी दुसरं कुठलंही नाव वापरायचं मी सोडलं आहे. आधी कॅबिनेट उघडून डिस्कच्या कागदावरचे सिरियलचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचते. घरातले हसतात.

२ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या भावाच्या बंद पडलेल्या विंडोज लॅपटॉपची डिस्क लावली. "ताई, माझा डी ड्राइव्ह कुठला?" त्यातल्या कुठल्याच पार्टिशनवर डी असं लिहिलेलं नसतं. कुठलं अक्षर कुणाला, हे त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत असतं. तीच डिस्क दुसऱ्या विंडोजला लावली तर तिला एफ मिळेल नाहीतर जी. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेले होते म्हणून मुख्य डिस्क सी झाली. फ्लॉपी गेल्या, तरी अक्षर तिथेच राहिलं. मोठ्या आकाराची दोन एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम) पार्टिशनं होती, त्यांतलं विंडोजच्या डिरेक्टरी नसलेलं त्याचं डी निघालं.

लिहिण्यासाठी ते उघडेना. फास्ट स्टार्टअप चालू असलं की विंडोज 'बंद' करताना अर्धवट झोपतं, आणि फाइलसिस्टम वापरात असल्याची खूण तशीच राहते. जबरदस्ती करायचा पर्याय आहे, केली नाही. फक्त वाचण्यासाठी माउंट केलं, फाइल काढल्या. काढून झाल्यावर 'यूमाउंट'ने नकार दिला, म्हणे वापरात आहे. 'फ्यूझर'ने शोधलं कोण वापरतंय ते. मीच. दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच डिरेक्टरीत उभी होते. हो, कमांड 'यूमाउंट'च आहे, 'अनमाउंट' नाही. तिथे 'एन' नाही म्हणून मी पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं घालवली होती.

संध्याकाळी परीक्षा घेतली. मशीन बंद करून फोटो आणि नक्कल यांच्या केबल मुद्दाम अदलाबदल केल्या, तिसरी डिस्कही कार्डावर हलवली. बूट केल्यावर एसडीए नक्कल, एसडीबी व्हिडिओ, एसडीसी फोटो, सगळं उलटंपालटं. /एसआरव्ही/फोटो उघडलं: गुरुवारचे १४० त्यात होते. मग नक्कलची पॉवर केबल काढून पुन्हा बूट केलं आणि रात्रीचं स्क्रिप्ट हाताने चालवलं. माउंट नाही, थांबतो, असं म्हणून ते थांबलं.

राहिलेलं काम: व्हिडिओंच्या डिस्कची अजून कुठेच नक्कल नाही. आणि मॉनिटर आतल्या खोलीत परत न्यायचा आहे.